भांडं हलवून पाहा

आखाजीच्या दुपारी साडेतीन वाजता आमच्या अंगणात बावीस माणसं वाट्या-चमचे घेऊन बसली होती, आणि मी स्वयंपाकघरात आइस्क्रीमच्या मशीनचं झाकण उघडत होतो. पाऊण तास ते घरघरत होतं. आत डाव घातला, वर उचलला, तर डावावरून पिवळीजर्द धार खाली लागली. पाठीमागे उभ्या असलेल्या भाचीने ती धार संपेपर्यंत पाहिली आणि म्हणाली, "मामा, आमरस तर जेवतानाच झाला ना?"

आमचं सोयगाव कागदोपत्री मराठवाड्यातलं. पण अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, घाटाखाली बसलेलं, त्यामुळे सणवार खानदेशी. आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, पितरांच्या घागरीवर डांगर ठेवलं जातं, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. उन्हाचं तर बोलूच नका. वैशाखात दुपारी वेताळवाडीचा किल्लासुद्धा धापा टाकतोय असं वाटतं. अशा दिवशी पुण्याच्या मुलाने पाठवलेलं आइस्क्रीमचं नवंकोरं मशीन घरात असावं आणि तीन बहिणी पोराबाळांसह आलेल्या असाव्यात, म्हटल्यावर मला सुरसुरी येणारच. "यंदा बाहेरचं काही आणायचं नाही," असं मी आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं. बायको एवढंच म्हणाली, "अहो, आधी एकदा करून तर बघा." ते वाक्य मी ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. अप्रकट उष्मा, बर्फात मीठ घातल्यावर तापमान का उतरतं, सगळं फळ्यावर. म्हणून चूक कबूल करायला जास्तच जड जातं.

हे मशीन ओट्यावर मावतं, दिसायला देखणं असतं. पण त्याला काय येतं आणि काय येत नाही, हे आधी समजून घ्या. स्वस्तातल्या मशीनला गारवा निर्माण करता येत नाही. ती विजेवर फिरणारी रवी आहे, बस्स. गारवा असतो त्याच्या जाड भिंतीच्या भांड्यात. त्या भिंतीला दोन पदर असतात आणि मधल्या पोकळीत गोठणारं द्रावण भरलेलं असतं. ते भांडं आदल्या दिवशी फ्रीजमध्ये ठेवून गोठवायचं. मग त्यात दूध ओतलं की भांडं दुधाची उष्णता ओढून घेतं आणि पातं भिंतीवर धरलेला बर्फ खरवडत राहतं. दुसऱ्या जातीच्या मशीनमध्ये फ्रीजसारखा कॉम्प्रेसर असतो. तिला आगाऊ गोठवणं लागत नाही, पण किंमत कितीतरी पट आणि वजन पाट्यावरवंट्याएवढं. आमच्याकडे आली ती पहिल्या जातीची.

सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं: भांडं उणे १८ अंशांवर २४ तास ठेवा. मी २४ तास वाचले, उणे १८ वाचलं नाही. भांडं वरच्या कप्प्यात कोंबलं, बर्फाचे दोन ट्रे बाहेर काढले आणि निश्चिंत झालो. आमचा फ्रीज एका दाराचा. त्या वरच्या कप्प्यात बर्फ होतो म्हणून आपण त्याला फ्रीजर म्हणतो. पण बर्फ शून्याला होतो, त्याला उणे १८ लागत नाहीत. फजितीनंतर मी जुन्या सामानातला प्रयोगशाळेचा तापमापक शोधून काढला आणि रात्रभर त्या कप्प्यात ठेवला. सकाळी पारा, म्हणजे त्यातलं लाल अल्कोहोल, उणे ६ वर होतं. त्यातून सणाच्या आदल्या रात्री लाईट गेलेली, ती पहाटे आली. द्रावण अर्धवटच गोठलं होतं.

हे कळायला तापमापकसुद्धा लागत नाही. भांडं बाहेर काढा, कानाशी धरा आणि हलवा. आतून डुचमळल्याचा जरासाही आवाज आला तर परत ठेवून द्या आणि पाहुण्यांना सरबत करा. आवाज अजिबात नसला, तरच पुढे जा. ही दहा सेकंदांची परीक्षा मी आखाजीच्या सकाळी घेतली असती तर भांड्याने तेव्हाच सांगितलं असतं.

दुसरी चूक तर विज्ञानशिक्षकाला शोभणारीच नव्हती. दूध आटवलं, साखर घातली, रस मिसळला आणि "आता निवलंय" म्हणून ओतलं. निवलं म्हणजे काय? वैशाखातल्या स्वयंपाकघरात पातेलं निवून निवून किती निवणार, ३८ अंशांपर्यंत. नंतर वहीत हिशोब मांडला. एक किलो मिश्रण ३८ वरून ५ अंशांवर आणायला साधारण २६ किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. मशीनमध्ये आइस्क्रीम घट्ट होताना त्यातलं सव्वातीनशे ग्रॅम पाणी गोठतं असं धरलं, तर ग्रॅमला ८० कॅलरीप्रमाणे तेही २६ किलोकॅलरीच होतात. म्हणजे कोमट मिश्रण ओतून मी भांड्यातला निम्मा गारवा नुसता दूध थंड करण्यात उधळला. जे काम फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभरात फुकट होतं, ते मी त्या बिचाऱ्या भांड्यावर लादलं. मिश्रण आदल्या रात्रीच करून ठेवा. रात्रभर मुरलं की ते दाट होतं आणि चवही बसते.

साखरेचंही ऐका. रस गोड होता, तरी "थंड झाल्यावर गोडी कमी लागते" म्हणून बहिणीने मूठभर साखर आणखी टाकली. तिचं म्हणणं खरं आहे, थंड पदार्थाची गोडी जिभेला कमीच लागते. पण साखर जास्त झाली की मिश्रण गोठायला आणखी खाली उतरावं लागतं, आणि फारच झाली तर घरच्या फ्रीजमध्ये ते घट्ट होतच नाही. कमी पडली तर दगड. किलोभर मिश्रणात फळातली गोडी धरून साधारण १३० ग्रॅमपर्यंत राहा.

आणि आकडा. दीड लिटरच्या भांड्यात दीड लिटर ओतायचं नसतं. फिरताना हवा शिरते, मिश्रण फुगतं, म्हणून ९०० मिलीच्या वर जाऊ नये. त्यात आठ माणसांच्या वाट्या होतात, फार तर नऊ. आणि दुसरा घाणा लगेच काढता येत नाही, भांडं पुन्हा एक दिवस गोठवावं लागतं. बावीस माणसांना आमंत्रण देताना हा भागाकार कोणी करायचा होता?

त्या रसाचं काय झालं ते सांगायला हवं. मेहुणे म्हणाले, ठेवा परत फ्रीजमध्ये, रात्री खाऊ. पण दूध आणि आंबा तोवर बराच वेळ उन्हाळी हवेत उघडा होता. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. वितळलं की पुन्हा जागे. बायकोने सगळ्यांना तिथल्या तिथे प्यायला दिला आणि उरलेला ओतून टाकला. नंतर दुकानातून कप आणले. झाकणावर बारीक अक्षरांत "फ्रोझन डेझर्ट" होतं. आइस्क्रीम म्हणवायचं तर आपल्या कायद्याने निदान १० टक्के दुधाची स्निग्धता लागते. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल-तूप चालतं. पोरांनी चाटूनपुसून खाल्लं. मी झाकण वाचून दाखवत होतो, पण कोणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थोरली बहीण म्हणाली, "दादा, नानांचा डबा आहे का रे अजून?"

आमच्या वडिलांकडे लाकडी बादलीतलं, हाताने दांडा फिरवायचं पॉट होतं. त्या प्रकारच्या मशीनचं पेटंट १८४३ साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी घेतलं होतं, आणि तीच तऱ्हा पुढे आपल्याकडच्या लग्नांत, जत्रांत पोचली. बादली केव्हाच कुजली होती, पण आतला डबा माळ्यावर सापडला. घट्ट झाकणाचा, उंच. मग प्लास्टिकची मोठी बादली घेतली, बर्फवाल्याकडून लादी आणली, गोणपाटात गुंडाळून बत्त्याने फोडली. पाच किलो बर्फाला दीड किलो जाडं मीठ. थर बर्फाचा, थर मिठाचा, मधोमध डबा. मिठाने बर्फ झपाट्याने वितळतो आणि वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूने ओढतो, म्हणून ते पाणी शून्याच्या खूप खाली जातं. पुस्तकात उणे २१ पर्यंत म्हटलंय. बादलीत तितकं होत नाही, पण आमच्या फ्रीजच्या उणे ६ पुढे ती बादली म्हणजे हिमालय.

डबा दोन्ही हातांनी उलटसुलट घुसळायचा. दर दहा मिनिटांनी झाकण ओल्या फडक्याने पुसायचं आणि मगच उघडायचं. पहिल्यांदा मी न पुसता उघडलं आणि खारं पाणी आत गेलं. एका कडेचं आइस्क्रीम लोणच्यासारखं लागत होतं. उघडलं की लाकडी उलथण्याने भिंतीवरचा थर खरवडून आत ढकलायचा. पहिली वीस मिनिटं काहीच होत नाही, धीर सुटतो. मग उलथणं जड होतं. पाऊण तासाने ते मधोमध उभं राहिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्या उलथण्याला. घट्ट झालं तरी जरा रवाळ होतं. बर्फाचा कण साधारण ५० मायक्रॉनच्या वर गेला की जिभेला टोचतो, आणि हात जितका सावकाश फिरेल तितके कण मोठे होतात. आम्ही भावंडं आळीपाळीने घुसळत होतो आणि मध्येच गप्पांत थांबत होतो.

हे करणार असाल तर दोन-तीन गोष्टी. बाहेरच्या बर्फाचा तुकडा पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याजोगा नसलेल्या बर्फात निळसर रंग घालणं सक्तीचं आहे. बादलीत निळा चालतो, वाटीत नाही. मिठाच्या बर्फात उघडा हात घालू नका, भाजल्यासारखी कातडी सोलते. आणि ते पाणी झाडाला घालू नका. मी "वाया कशाला" म्हणून जास्वंदीच्या आळ्यात ओतलं. जास्वंद गेली. त्याबद्दल अजून घरात ऐकून घेतो.

मशीन मात्र टाकून दिलं नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मोठा डीप फ्रीजर आहे. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. त्याला विचारलं, "भांडं ठेवू देशील?" तो म्हणाला, "गुरुजी, ठेवा की, भाडं म्हणून एक वाटी द्या." भांडं आधी पुसून खडखडीत कोरडं करायचं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचं, नाहीतर आतल्या भिंतीवर हिम धरतं. आणायला मी थर्माकोलचा खोका घेऊन जातो, सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत. चारशे पावलांचं अंतर आहे. दुपारी तेवढ्यानेही फरक पडतो.

आता ठरलेलं माप असं. ४०० मिली म्हशीचं दूध, त्यातल्या थोड्या गार दुधात दोन सपाट चमचे कॉर्नफ्लोअर कालवायचं. उरलेल्या दुधात ९० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम दूध पावडर आणि चिमूट मीठ घालून उकळायचं, कालवलेलं ओतून डाव झाकला जाईल इतकं दाट करायचं. पावडर याहून वाढवू नका, आइस्क्रीम दाताखाली वाळूसारखं करकरतं. पातेलं गार पाण्यात ठेवून निववायचं, २०० मिली क्रीम घालून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी २०० ग्रॅम गार रस. आंबा गरम दुधात कधीच नाही, फाटतं. मशीन आधी सुरू करायचं, मग मिश्रण ओतायचं. उलट केलं तर मिश्रण भिंतीला तत्काळ धरतं, पातं अडकतं आणि आतला प्लास्टिकचा दातेरी भाग मोडतो. आमचा एक मोडलाय. विजेवर चालतं म्हणून त्याच्याकडे बैलासारखी ताकद असते असं नाही.

पंचवीस मिनिटांनी जे निघतं ते श्रीखंडाहून जरा घट्ट असतं. तेवढ्यावर निराश होऊ नका, मशीनचं काम तिथेच संपतं. स्टीलच्या डब्यात काढा, वरून प्लास्टिक अगदी चिकटवून लावा आणि डीप फ्रीजरमध्ये पाच-सहा तास. भांड्यात धातूचा चमचा घालू नका, अस्तराला चरा पडतो. गरम पाण्याने धुऊ नका. आत्ताच रिकामं झालेलं भांडं तर लगेच नळाखालीही धरू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

दिवाळीच्या आसपास डोंगरातली सिताफळं बाजारात आली की पुन्हा करतो. सिताफळाचा गर मात्र चुलीजवळही न्यायचा नाही. तापला की कडसर होतो. बियांवरचा गर बोटांनी सोडवायला दीड तास जातो. मागच्या वेळी दोन बिया नजरेतून सुटल्या आणि नेमक्या दुकानदाराच्या वाटीत गेल्या. आता मी भांडं घेऊन गेलो की तो आधी विचारतो, "गुरुजी, आंबा की सिताफळ?" सिताफळ म्हटलं की फ्रीजरमध्ये जागा नसते.