घोड्याचे पोट आणि वैरणीची पारख

घोड्याचे पोट सुटलेले दिसले की जनावर खाऊन-पिऊन सुखी आहे, असे पुष्कळ लोक समजतात. वरातीचा घोडा राखणारे, नालबंद, वैरणीचे आणि घोड्यांचे व्यापारी यांनी तरी हा समज सोडून दिला पाहिजे. पोट मोठे आणि पाठ हाडकुळी, असा घोडा लठ्ठ नसतो, तो उपाशी असतो.

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकरच्या टापूला घोडा नवा नाही. दौंड-बारामतीचा हा मुलूख पूर्वी भीमथडी तालुका म्हणून ओळखला जाई आणि भीमथडीची तट्टे मराठी फौजेत नावाजलेली होती. धनगर बांधव मेंढरांमागे फिरताना आजही बिऱ्हाड तट्टांवरच लादतात. पण नीरा डाव्या कालव्याने हा भाग उसाचा झाला. गळीत हंगामात उसाचे वाढे सहज मिळते. एरवी जुना कडबा किंवा गव्हाचे काड पुढे टाकले जाते. त्याने पोट भरते, अंग भरत नाही.

असे का होते?

घोडा गाई-म्हशीसारखा रवंथ करीत नाही. मोठ्या घोड्याचे जठरदेखील 8 ते 15 लिटरचेच असते. वैरण खरी पचते ती मागच्या मोठ्या आतड्यांत. त्यांत शंभर लिटरच्या आसपास माल मावतो आणि तेथील सूक्ष्म जंतू चाऱ्याचा चोथा फोडून त्यातून ताकद काढतात. तट्टाचे माप लहान, पण रीत तीच.

गवत फुलोऱ्याच्या सुमारास कापले तर त्यात पाला जास्त व काडी मऊ असते. पिकून वाळल्यावर कापले तर काडी लाकडासारखी होते. असा चोथा जंतूंना नीट फोडता येत नाही. तो पाण्यासह आणि वायूसह आतड्यांत रेंगाळतो व पोट खाली लोंबते. त्यातून प्रथिने मिळत नाहीत, म्हणून शरीर पाठीचे व पुठ्ठ्यांचे मांस झिजवते. पोटाचे स्नायूही सैल पडतात. असा कोरडा चोथा आतड्यात अडकला तर पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही; तेव्हा घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब डॉक्टर बोलवावा.

डोळ्याने नव्हे, हाताने पाहा

अमेरिकेतील हेनेके यांनी 1983 साली घोड्याच्या अंगलटीला 1 ते 9 गुण देण्याची पद्धत मांडली. मान, मानेमागचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ अशा सहा जागा तीत तपासतात. पोट त्यात धरलेलेच नाही! बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवताच लागाव्यात. असा घोडा 5 गुणांचा, म्हणजे बेताचा. बरगड्या आणि पाठीचा कणा वर आलेला असेल तर पोट कितीही मोठे असो, घोडा खंगलेला समजावा.

बाजारात पोट सुटलेली घोडी गाभण म्हणून दाखवली जाते. डॉक्टरकडून तपासल्याशिवाय गाभणीचा भाव देऊ नये. पोट सुटण्याचे दुसरे कारण जंत. दाढा टोकदार झाल्या की घोडा चावलेल्या घासाचे गोळे टाकतो व रोडावतो. म्हणून वैरण बदलण्याआधी लीद आणि दात तपासून घ्यावेत.

वैरण कशी घ्यावी?

1) कडबा शेकड्याने विकला जातो, पण शंभर पेंढ्यांत पाला किती हे कोणी मोजत नाही. पेंढी सोडून पाहावी. पाला टिकलेला, काडी बारीक, वास गोड असेल तोच माल घ्यावा. काळा पडलेला, बुरशीचा, धूळ उडणारा कडबा फुकट मिळाला तरी घोड्याला घालू नये. कोवळी हिरवी ज्वारीही टाळावी.

2) वाढ्यातील ऑक्झॅलेट चाऱ्यातील कॅल्शियम अडवून ठेवते आणि गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस जास्त असतो. नुसत्या वाढे-कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडे कमजोर होतात. जोडीला लसूणघास द्यावा. त्यात कॅल्शियम आणि प्रथिने दोन्ही आहेत.

3) वजनाचा अंदाज टेपने काढावा. पुढच्या पायांमागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याला त्याच आकड्याने गुणावे, मग खांद्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि 11,880 ने भागावे. घेर 150 व लांबी 130 असेल तर वजन सुमारे 246 किलो येते. अशा तट्टाला रोज 5 ते 6 किलो चांगली वाळकी वैरण लागते. चंदी त्यावर, कामाप्रमाणे.

4) वैरण एकदम बदलू नये. जुनीत नवी मिसळत 7 ते 10 दिवस घ्यावेत. स्वच्छ पाणी आणि मिठाचा खडा नेहमी समोर असावा.

नालबंद बंधूंचेही यात काम आहे. निकृष्ट वैरणीवरचे खूर ठिसूळ होतात आणि खिळा धरत नाहीत. अशा वेळी मालकाला नाल बदलण्याआधी वैरण बदलायला सांगावे.

स्वस्त कडब्यात वाचलेले पैसे लग्नसराईत घोडा उभा राहिला की एका दिवसात जातात. म्हणून वैरण घेताना भावाआधी पाला पाहावा आणि घोडा पाहताना पोटाआधी पाठ पाहावी.