तारुण्यपीटिका : हळुवार हात आणि तीन महिन्यांचा धीर



घरातील चौदा-पंधरा वर्षांची मुलगी लग्नकार्यास येण्याचे टाळू लागली, किंवा ओढणीने अर्धे तोंड झाकून बसू लागली, तर पुष्कळदा कारण एवढेच असते की तिच्या गालावर मुरूम आले आहेत. वडीलमाणसे म्हणतात, "वयाचे आहे, जाईल." शेजारीण म्हणते, "दुकानातून ट्यूब आण." पहिल्या बोलण्याने तिचे दुःख हलके होत नाही, आणि दुसऱ्याने कधी कधी चेहराच बिघडतो. म्हणून या विषयाचा नीट विचार करू.

मुरूम का येतात?

वयात येताना शरीरातील संप्रेरके वाढतात व त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल पाझरू लागतात. त्याच वेळी केसांच्या मुळाशी असलेल्या छिद्रात मृत त्वचेचे कण साचतात. पाटात गाळ साचला की पाणी तुंबते, तसे आत तेल तुंबते. त्वचेवर नेहमीच राहणारे जंतू तेथे वाढतात आणि जागा लाल होऊन सुजते. काळा ठिपका दिसतो तोही मळ नव्हे. छिद्राच्या तोंडाशी आलेला तो ऐवज हवेने काळा पडलेला असतो. तेव्हा अस्वच्छपणा, 'बिघडलेले रक्त' किंवा वाईट विचार ही याची कारणे नव्हेत. मुलांना त्याबद्दल बोल लावू नये.

रोजची काळजी

१. सकाळी व रात्री सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने तोंड धुवावे; शेतातून घामाघूम होऊन आल्यावरही धुवावे. घासू नये, टॉवेलने टिपून घ्यावे.

२. मुरूम फोडू नये. फोडल्याने सूज खोल जाते आणि खड्डा किंवा डाग राहतो.

३. डोक्याचे तेल कपाळावर ओघळू देऊ नये. खोबरेल तेल चेहऱ्यास चोळल्याने छिद्रे बुजू शकतात.

४. उन्हात तोंडाला बांधायचा गमछा रोज धुवावा. घामट कापड घासल्यानेही मुरूम वाढतात. उशीचा अभ्राही वरचेवर बदलावा.

आहार

ऑस्ट्रेलियात 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांना बारा आठवडे साखर व मैद्याचे पदार्थ कमी आणि प्रथिने व अखंड धान्ये अधिक असा आहार दिला, तेव्हा त्यांचे मुरूम इतरांपेक्षा अधिक कमी झाले. आपल्या भोपाळकडे सकाळी पोहे-जिलेबी आणि दिवसभर गोड चहा चालतो. त्यातील जिलेबी सणावारी ठेवावी, चहातील साखर कमी करावी, थंड पेयाची बाटली टाळावी. कोंड्यासह दळलेल्या गव्हाची पोळी, ज्वारीची भाकरी, हरभरा, डाळ आणि भाजी हे घरचेच अन्न उत्तम. आहाराने एकट्याने रोग जाईलच असे मात्र नाही.

झाडपाल्याचे उपाय

कडुलिंब व हळद यांत जंतुनाशक गुण आहेत आणि कोरफडीच्या गराने थंडावा मिळतो. सौम्य मुरमांवर ती लावून पाहण्यास हरकत नाही. पण आधी कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस थांबावे. खाज किंवा लाली आल्यास चेहऱ्यास लावू नये.

लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. खाण्याचा सोडा व टूथपेस्ट यांनीही आग होते. या तिन्ही गोष्टी वर्ज्य कराव्यात.

शेतकऱ्यांना एक गोष्ट आवडेल. मुरमांवर डॉक्टर ज्या अॅझेलिक आम्लाचे मलम देतात, ते आम्ल गहू आणि जव यांत निसर्गतः असते. परंतु पीठ तोंडाला चोळून ते औषध मिळत नाही. मलमात त्याचे प्रमाण ठरवून घातलेले असते. 'नैसर्गिक' या एका शब्दावर विसंबू नये, हाच यातील धडा.

ट्यूबचा धोका

बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर दिसली तर ती स्टेरॉइडची मलमे आहेत. ती योग्य रोगावर, योग्य मुदतीपुरती उपयोगी आहेत. पण मुरमांवर किंवा गोरे दिसण्यासाठी लावली की चार दिवस चेहरा उजळ दिसतो; पुढे त्वचा पातळ होते, लाल रेषा उमटतात, लव वाढते आणि मुरूम अधिकच येतात. थांबवल्यावर आग होते म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. आपल्या देशात हे इतके वाढले की त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याच्या विकारास वेगळे नाव दिले, आणि 2018 साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस मनाई केली. तरीही दुकानदार देतो म्हणून घेऊ नये. आधीच लावत असाल तर डॉक्टरांना ट्यूब दाखवून त्यांच्या सल्ल्याने बंद करावी.

दवाखान्यात केव्हा जावे?

मुरूम खोल, दुखरे किंवा पुवाचे असतील, खड्डे पडत असतील, मुलीची पाळी अनियमित होऊन हनुवटीवर केस येत असतील, किंवा मूल उदास होऊन घराबाहेर पडत नसेल, तर वाट पाहू नये. भोपाळमध्ये हमीदिया रुग्णालयात आणि एम्समध्ये त्वचारोग विभाग आहेत. गर्भवती स्त्रीने मुरमांची कोणतीही गोळी स्वतःहून घेऊ नये. आयसोट्रेटिनॉइन या औषधाने गर्भास गंभीर व्यंग येऊ शकते.

चांगला उपाय सुरू केल्यावरही फरक दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. गहू पेरल्यावर आठव्या दिवशी आपण ओंबी शोधत नाही. तोपर्यंत घरच्यांनी एक पथ्य पाळावे : पाहुण्यांसमोर मुलांच्या चेहऱ्याची चर्चा करू नये. हे औषध फुकट आहे आणि प्रत्येक घरात मिळते.