कोणती गाडी?

कसाऱ्याच्या माणसाला बँकर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इगतपुरीकडे घाट चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, ती बँकर. माझ्या वडिलांची, अण्णांची, सगळी नोकरी त्या शंटिंगमध्ये गेली. निवृत्तीनंतर ओट्यावर बसून ते नुसत्या आवाजावरून मेल की मालगाडी ते सांगायचे. आई गेली त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात एका रविवारी मी सहज विचारलं, "अण्णा, आत्ता कोणती गेली?" ते म्हणाले, "कोणती गाडी?" ती नुकतीच धडधडत गेली होती. मला वाटलं, कमी ऐकू आलं असेल. वय झालं.

पुढचे चार महिने मी "वय झालं" एवढ्यावरच काढले. माझी लोकल पहाटेची, परत येईपर्यंत रात्रीचे नऊ. आठवड्यातले सहा दिवस मी अण्णांना पाहायचो ते पांघरुणात. बायको सांगायची, भाकरी अर्धी परत येते, दिवसभर बोलत नाहीत, पहाटे तीनलाच उठून बसतात. अण्णा स्वतः "मन लागत नाही" असं कधीच म्हणाले नाहीत. पोट गच्च आहे, पाय ओढतात, डोकं जड आहे, एवढंच. मग गॅसची औषधं झाली, सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. शेजाऱ्यांची नावं विसरायला लागले तेव्हा विसरण्याचा आजार म्हणून आम्ही धास्तावलो. एकदा वैतागून मी बोललो, "काही झालेलं नाही तुम्हाला, उगीच मनाला लावून घेताय." ते वाक्य मला परत घेता येत नाही.

एके दिवशी पासबुक, पेन्शनचे कागद आणि आईची जोडवी एका पिशवीत घालून अण्णांनी सुनेच्या हातात दिली. "सांभाळ," म्हणाले. तिनं मला फोन केला, मी कल्याणला उतरून परत फिरलो. त्या संध्याकाळी सरळच विचारलं, "अण्णा, मरावंसं वाटतं का?" बराच वेळ ते चटईची काडी सोलत राहिले. मग म्हणाले, "रोज." आणि लगेच, "मला ठाण्याला नेणार का?"

ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासूनचं. आपल्याकडे "ठाण्याला न्यायचं" याचा अर्थ पोराटोरांनाही कळतो. त्या एका शब्दाच्या भीतीनं किती म्हातारी माणसं गप्प बसत असतील!

"मरावंसं वाटतं का" असं विचारल्यानं नको ते डोक्यात येईल अशी भीती बाळगू नका. विचारल्यानं तो विचार येत नाही, आत कोंडलेला असेल तर बाहेर पडतो. उत्तर "हो" आलं तर माणसाला एकटं सोडू नका, आणि भातावर फवारायचं औषध त्याच दिवशी घराबाहेर काढा. आम्ही रात्रीच 14416 लावला. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. दुसऱ्या दिवशी लोकलनं आसनगाव आणि तिथून रिक्षानं शहापूर. सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून निघा, नाहीतर म्हाताऱ्या माणसाची फेरी फुकट जाते.

डॉक्टरांनी हो-नाही उत्तरांचे पंधरा प्रश्न विचारले. थायरॉइड, बी-12 आणि सोडियम तपासलं. बीपीच्या गोळ्यांची पाकिटं मागून घेतली, कारण कधी कधी दुसऱ्या औषधांमुळेही मन खचतं. चालू असलेलं सगळं पिशवीत घालून न्या. नावं विसरणं हेसुद्धा नैराश्यातून असू शकतं आणि उपचारानं सुधारू शकतं, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

नैराश्यावरची गोळी कमी मात्रेनं सुरू झाली. पहिले पंधरा दिवस काही फरक नाही, अण्णा चिडून म्हणायचे, "बंद कर हे." इथं धीर सोडू नका, गुण यायला आठवडे लागतात. चक्कर आली, बोलण्यात गोंधळ दिसला तर मात्र लगेच कळवा. या गोळ्यांनी म्हाताऱ्यांचं सोडियम उतरू शकतं. बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनानं थांबवायची नाही.

गोळीइतकंच काम एका ठरलेल्या वेळेनं केलं. सकाळी आठला नातवाला शाळेत सोडायचं, मन असो वा नसो. आधी मन लागेल, मग उठतील, अशी वाट पाहिली असती तर ते उठलेच नसते. आणि मी दुपारी फोन करतो तेव्हा "जेवलात का?" विचारत नाही. त्यावर "हो" एवढंच येतं. "आज रस्त्यात कोण भेटलं?" असं विचारतो.

दिवाळीनंतर त्यांनी ती पिशवी परत मागितली. पासबुक आणि कागद काढून घेतले. जोडवी सुनेकडेच राहू दे म्हणाले.