डावी ट्यूब, उजवी ट्यूब आणि बारावीनंतरची वाट

जिंतूर तालुक्यातल्या बोरीत बारावी सायन्सच्या पोराला पाहुणे एकच विचारतात, ‘नीटला किती पडले?’ कमी पडले की घरात सुतक. अशा घरांना एका तपासणीबद्दल सांगायचे आहे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात काही मिलिमीटरची गाठ होऊन एसीटीएच हे हार्मोन जास्त पाझरू लागले की अंगात कॉर्टिसोल वाढते. चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, साखर आणि बीपी चढते. हा कुशिंगचा आजार. ही गाठ एमआरआयमध्ये बरेचदा दिसतच नाही, आणि तेच हार्मोन फुफ्फुसातली गाठही बनवू शकते. मग ऑपरेशन नाकातून करायचे की छातीचे?

अशा वेळी मुंबईच्या केईएमसारख्या मोजक्या रुग्णालयांत जांघेतल्या शिरांतून बारीक नळ्या वर सरकवतात, पिट्युटरीचे रक्त जिथे उतरते त्या डाव्या-उजव्या शिरांपर्यंत. तिथले आणि हाताचे रक्त एकाच वेळी काढतात. उत्तेजक इंजेक्शन देऊन काही मिनिटांनी पुन्हा. वरच्या रक्तात एसीटीएच हातापेक्षा किमान 2 पट, इंजेक्शननंतर 3 पट निघाले, तर उगम पिट्युटरीत.

नळी घालतो इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, निदान करतो एंडोक्रायनॉलॉजिस्ट. एंडोक्रायनॉलॉजिस्ट व्हायला एमबीबीएसची साडेपाच, एमडीची 3, डीएमची 3 वर्षे. मधल्या प्रवेशपरीक्षा वेगळ्याच. पण डॉक्टरांनी रक्त काढले म्हणजे काम संपत नाही, कारण एसीटीएच फार लवकर नासते. ट्यूब बर्फात ठेवायची, थंड सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा ताबडतोब वेगळा करायचा. हाताच्या ट्यूबवर वरच्या शिरेचे लेबल लागले, तर सगळा हिशोबच उलटा. इथे भिस्त असते टेक्निशियनवर, आणि त्याच्याबद्दल पाहुणे कधी विचारत नाहीत.

टेक्निशियन होण्यासाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवे. 3 वर्षे शिक्षण, मग 1 वर्ष इंटर्नशिप. लॅब, रेडिओग्राफी, कॅथलॅब अशा शाखा आहेत. प्रवेशाचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा, गावातल्या एजंटाकडून ऐकू नका. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, नाइट ड्यूटी चुकत नाही; पोरीला परगावी ठेवायचे तर होस्टेलचा खर्चही धरा.

फी भरण्याआधी कॉलेजची संलग्नता विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तपासा. मग तिथे जाऊन विचारा, ‘प्रॅक्टिकलला मुलं कुठल्या हॉस्पिटलात जातात?’ उत्तर देताना ऑफिसातला माणूस अडखळला, तर पैसे खिशातच ठेवा.