वाइन महोत्सव आणि मद्यपानातील युक्तिविचार

द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्यानंतर नाशिक परिसरात वाइन उद्योग वाढला आणि २००८ पासून सुरू झालेल्या ‘सुला फेस्ट’सारख्या महोत्सवांमुळे द्राक्षमळ्यातील वाइन टेस्टिंग मध्यमवर्गीय कुटुंबांच्याही परिचयाचे झाले. साहजिकच एक नवा प्रश्न वैद्याच्या चिकित्सालयात येऊ लागला आहे. “डॉक्टर, वाइन तर द्राक्षांची असते आणि तुमच्या ग्रंथांतही मद्याचे गुण सांगितले आहेत. मग थोडी चाखली तर काय बिघडते?” या प्रश्नाला केवळ ‘नको’ असे उत्तर दिल्यास रुग्ण पुन्हा विचारत नाही आणि जायचे तेथे जातोच. ‘चालेल’ असे मोघम उत्तर दिल्यास आपण शास्त्राशी प्रतारणा करतो. प्रस्तुत लेखात या दोहोंमधील शास्त्रोक्त मार्ग मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

१. मद्याविषयी शास्त्राची भूमिका

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात मद्याचे लघु, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, अम्ल, व्यवायी, आशुग, रूक्ष, विकाशी आणि विशद असे दहा गुण वर्णिले आहेत. ओजाचे दहा गुण नेमके याच्या विरुद्ध आहेत. हृदयात प्रविष्ट झालेले मद्य ओजाच्या गुणांना क्षुब्ध करते आणि त्यातून मद उत्पन्न होतो. युक्तीने घेतलेल्या मद्याची प्रशंसा याच अध्यायात आहे हे खरे. परंतु ‘युक्ती’ म्हणजे काय, हेही आचार्यांनी तेथेच सांगितले आहे. अन्न, पान, वय, व्याधी, बल, काल, दोष आणि सत्त्व या आठांचे प्रत्येकी तीन प्रकार लक्षात घेऊन केलेली योजना म्हणजे युक्ती. आठ त्रिकांचा विचार वगळून केवळ प्रशंसा उद्धृत करणे म्हणजे अर्धे शास्त्र सांगणे होय.

आधुनिक ज्ञानाचीही येथे दखल घेतली पाहिजे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्ययुक्त पेयांचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पहिल्या गटात केला. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याची कोणतीही मात्रा पूर्णतः निर्धोक म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले. म्हणून जो मद्य घेत नाही, त्याला आरोग्यलाभासाठी वाइन सुरू करण्याचा सल्ला वैद्याने देऊ नये. पुढील विवेचन जे जाणारच आहेत, त्यांची हानी कमी व्हावी यासाठी आहे.

२. सुश्रुतोक्त अवस्था आणि महोत्सवाचे वास्तव

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पानात्ययप्रतिषेध अध्यायात कोणत्या अवस्थेतील मद्यपान विकार उत्पन्न करते, याची यादी आहे. क्रोध, भय व शोक यांनी ग्रस्त, तहानलेला, भुकेला, व्यायाम, भार वा प्रवास यांनी थकलेला, वेगावरोध केलेला, अजीर्ण असता जेवलेला, दुर्बल आणि उन्हाने तापलेला मनुष्य तीत येतो. महोत्सवास जाणाऱ्याची दिनचर्या या यादीशेजारी ठेवून पाहावी. तो मुंबई वा पुण्याहून पहाटे निघतो, वाटेत धड न्याहारी करीत नाही, दुपारच्या उन्हात उभा राहतो, प्रसाधनगृहापुढील रांग पाहून मूत्रवेग अडवितो आणि तहान लागली की पाण्याऐवजी वाइनचा पेला उचलतो. अर्थात पहिला घोट घेण्यापूर्वीच निषिद्ध अवस्थांपैकी चार-पाच एकत्र आलेल्या असतात.

यावरील उपाय साधे आहेत. प्रवासानंतर विश्रांती घ्यावी. पूर्वी स्निग्ध, पचण्यास योग्य असे भोजन करावे. वरण-भात-तूप हा उत्तम पर्याय होय. रिकाम्या पोटी मद्य शीघ्र शोषले जाते, हे आधुनिक शास्त्रासही मान्य आहे. तहान पाण्यानेच भागवावी, सावलीत बसावे आणि वेग अडवू नयेत. ग्रीष्मात मद्य घेऊच नये, अथवा अल्प वा भरपूर पाणी मिसळून घ्यावे, असा ऋतुचर्येतील आदेश आहे. नाशिकच्या द्राक्षतोडणीचा हंगाम साधारणतः जानेवारी ते मार्च असल्याने अखेरच्या दिवसांत तो विशेष लक्षात ठेवावा.

३. मात्रा : घोटांची बेरीज

टेस्टिंगमधील खरा धोका ‘थोडे’ या शब्दात दडलेला आहे. एक नमुना ३० मिली धरला, तर सहा नमुन्यांचे १८० मिली होतात. १२.५ टक्के मद्यांशाच्या वाइनमध्ये यातून सुमारे १८ ग्रॅम मद्यांश शरीरात जातो. असे तीन स्टॉल फिरल्यास ५४० मिली, म्हणजे जवळजवळ पाऊण बाटली रिचविली जाते आणि मद्यांश ५३ ग्रॅमवर पोहोचतो. यकृत ताशी साधारणतः ७ ते १० ग्रॅमच मद्यांशाचे पचन करते. म्हणजे यास साडेपाच ते साडेसात तास लागतात. कॉफी, लिंबूपाणी वा थंड पाण्याचे स्नान यांनी हा काळ कमी होत नाही. स्त्रियांच्या शरीरात जलांशाचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच मात्रेत रक्तातील मद्यांश अधिक वाढतो.

म्हणून नमुन्यांची संख्या घरून निघण्यापूर्वीच ठरवावी. प्रथम मदात हर्ष व गप्पा असतात, बुद्धी शाबूत असते. द्वितीय मदात स्मृती व वाणी ढळते. मात्रेचा निर्णय त्या वेळेपर्यंत लांबणीवर टाकल्यास निर्णय करणारी बुद्धीच उरत नाही.

४. कवलविधीचा उपयोग

मुखात फिरविता येईल एवढा द्रव घेऊन नंतर थुंकणे, हा कवल आपल्या नित्य परिचयाचा आहे. वाइनचे व्यावसायिक परीक्षक हेच करतात. रसनेंद्रिय व घ्राणेंद्रिय यांचे काम वाइन मुखात असतानाच होते. आस्वादासाठी गिळणे आवश्यक नाही. टेस्टिंगच्या ठिकाणी थुंकण्यासाठी पात्र ठेवलेले असते, परंतु संकोचामुळे ते बहुधा कोरडेच राहते. थुंकण्यात असभ्यता नसून तो परीक्षणाचा विधीच आहे, हे रुग्णास आवर्जून सांगावे.

तथापि मुखातूनही अल्प अंश शोषला जातो, म्हणून वाहनचालकाने कवलावर विसंबू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यांश आढळल्यास तो गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर पहिल्या अपराधास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दोन्ही अशी शिक्षा आहे. सहा नमुने तासाभरात प्यायलेला साठ किलो वजनाचा पुरुषही या मर्यादेपाशी पोहोचू शकतो. परतीच्या वाटेवर कसारा घाट आहे, याचे स्मरण द्यावे. चालकाने त्या दिवशी मद्य घेऊच नये, अथवा मुक्काम करावा.

५. सर्वथा निषेध

गर्भिणी, स्तनदा माता, कायद्याने ठरविलेल्या वयाखालील तरुण, यकृतविकार, रक्तपित्त, अम्लपित्त, अपस्मार वा उन्माद यांचे रुग्ण, तसेच झोपेच्या वा मनोविकारावरील गोळ्या घेणारे यांनी एक घोटही घेऊ नये. इन्सुलिन वा सल्फोनिलयुरिया गटातील औषधे घेणाऱ्या मधुमेह्यात मद्यामुळे रक्तशर्करा धोकादायक रीतीने घटू शकते. ज्याने प्रयत्नपूर्वक दारू सोडली आहे, त्यास विशेष जपावे. मद्य सोडलेला मनुष्य एकाएकी अतिमात्र सेवन करील, तर ध्वंसक व विक्षय हे कष्टसाध्य विकार होतात, असे चरकाचार्य सांगतात.

‘आसवारिष्टांतही मद्य असतेच’ हा युक्तिवादही ऐकू येतो. त्यांतील स्वयंजनित मद्यांश सामान्यतः ५ ते १० टक्के असतो. ८ टक्के धरल्यास २० मिली मात्रेतून सव्वा ग्रॅमच्या आसपास मद्यांश जातो, तोही भोजनोत्तर, समभाग जलासह आणि व्याधी पाहून. दारू सोडलेल्या रुग्णास मात्र आसवारिष्टेही देऊ नयेत. क्वाथ वा वटीचा पर्याय योजावा.

६. आत्ययिक अवस्था

हाक मारूनही न उठणे, श्वास मंद वा अनियमित होणे, ओठ निळसर पडणे, बेशुद्धीत उलटी होणे ही तृतीय मदाची लक्षणे घरी थांबण्याची नव्हेत. रुग्णास कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अशा रुग्णास वमन देण्याचा वा मुखाने कोणतेही औषध पाजण्याचा प्रयत्न करू नये. ते श्वासमार्गात जाऊन प्राणघात होऊ शकतो.

उपसंहार

रुग्ण आपणास अनुमती मागण्यास आलेला असो वा केवळ कुतूहलाने, आठ त्रिकांचे प्रश्न आपण त्यास विचारलेच पाहिजेत. काय जेवणार, किती नमुने घेणार, कोणती औषधे चालू आहेत, परतताना गाडी कोण चालविणार? या चार प्रश्नांना दोन मिनिटे पुरतात. त्यांची उत्तरे रुग्णाने घरून निघण्यापूर्वी दिली, तर त्याचा महोत्सव मदात्ययात परिणत होण्याचा संभव पुष्कळच कमी होईल, असा आमचा विश्वास आहे.