घाट हवा असेल तर चाक पळवा

पावसाळा लागला की मणिबेलीत सायकल बाहेर काढायची सोय राहत नाही. मोलगीकडून उतरणारा रस्ता दरडींनी नाहीतर नाल्यांनी अडतो, खाली सरदार सरोवराचं पाणी चढतं आणि जाण्यायेण्याला बार्जचाच आधार उरतो. पाऊस ओसरल्यावर देवगोई घाट न थांबता चढायचा, तर पायांतली ताकद तोवर टिकवायला हवी. म्हणून मी घरात ट्रेनर आणला. साधाच: मागचं चाक स्टँडवर अडकवायचं, टायर रोलरला टेकवायचा, रोलरला चुंबकाचा ब्रेक. याला वीज लागत नाही. महागडे स्मार्ट ट्रेनर बहुतेक विजेवर चालतात, आणि जिथे वीज नि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे तिथे त्यांच्यावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पण बसलो तर पायाला काही जोर लागेचना. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, रोलर आणखी घट्ट करा. मी केला. फरशीवर रबराचा काळा भुगा पडू लागला, टायरची मधली नक्षी घासून सपाट झाली आणि एका संध्याकाळी टायर फुटला. जोर होता तेवढाच राहिला. भर पावसात इथे नवा टायर मिळवणं किती जिकिरीचं असतं, ते इथल्या माणसालाच ठाऊक. ही पाळी दुसऱ्या कुणावर येऊ नये.

मूळ गोष्ट अशी. चढावर आपल्याला मागे ओढतं ते वजन. ७५ किलोचा माणूस १० किलोच्या सायकलीवर सहा टक्के चढ ताशी १० किलोमीटरने चढत असेल, तर त्याला साधारण १५५ वॅट ताकद लावावी लागते, आणि गिअर हलकाच असतो. ट्रेनरवर मात्र वजनाचा संबंधच नाही. चुंबकाचा ब्रेक जोर धरतो तो चाकाच्या वेगावर. २६ इंची चाकाच्या माउंटन बाइकवर पुढे २२ आणि मागे २८ दात, असा घाटातला गिअर लावून मिनिटाला ८० पायडल मारले, तर चाक जेमतेम ताशी ८ किलोमीटरने फिरतं. एवढ्या वेगात चुंबक जागाही होत नाही. तेच पायडल पुढे ४२, मागे १४ वर मारा, चाक ३० च्या घरात जातं आणि मांड्या बोलू लागतात. घाटाचा सराव करायचा म्हणून घाटाचा गिअर लावतात, तिथेच सगळं फसतं. ट्रेनरवर चढ जड गिअरात असतो.

तेव्हा आधी गिअर, मग चुंबकाची पातळी, आणि रोलर सर्वांत शेवटी. हवा दर वेळी एकाच दाबाला भरा, टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. रोलर टायरला टेकला की स्क्रू दोनेक फेरेच फिरवा. मग एका हाताने चाक घट्ट धरा आणि दुसऱ्याने रोलरचं जड चक्र झटक्याने फिरवून बघा. टायरवरून घसरलं तर अर्धा फेरा वाढवा. घसरलं नाही तर हात लावू नका, त्यापुढे कसलेलं सगळं टायरच्या मुळावर येतं. जाड नक्षीचा टायर आवाजही फार करतो, थरथरतोही. गुळगुळीत टायर मिळाला तर ट्रेनरपुरता तोच चढवा.

पुढच्या चाकाखाली वीट ठेवून चढ होतो, असंही काही जण सांगतात. त्याने बसण्याची ठेवण बदलते, रेझिस्टन्स तसूभरही वाढत नाही. पहिली दहा मिनिटं टायर आणि रोलर तापेपर्यंत जोर बदलत राहतो, तेवढ्यात पातळी ठरवू नका. जड गिअर एकदम लावून गुडघे दुखवून घेऊ नका, एकेक गिअर वर जा.

एवढं करूनही ४२ आणि ११ वर, चुंबक पूर्ण लावून, पाय मोकळेच फिरत असतील तर तो ट्रेनर तुमच्या ताकदीला अपुरा आहे असं समजा. मग द्रवाचा ट्रेनर पाहा. तोही विजेशिवाय चालतो, आणि वेग वाढला की त्याचा जोर झपाट्याने चढतो. आणि पाऊस उघडल्यावर घाटात जाण्याआधी ट्रेनरवर घासलेला टायर उतरवून ठेवा. त्या टायरवर देवगोईची ओली उतरण उतरू नका.