कार्यप्रणाली बसविण्यापूर्वी : संगणकाची प्रारंभ-पद्धत ओळखा

संगणकावर नवी कार्यप्रणाली बसविण्याचे काम आता शाळा-कार्यालयांत आणि घरोघरीही केले जाते. तथापि निवडलेल्या डिस्कवर विंडोज बसविता येत नाही, असा संदेश येऊन पुष्कळदा ते मध्येच अडते. अशा वेळी डिस्कवरील सर्व विभाग पुसून टाकण्याचा मोह होतो. त्याने अडचण दूर झाली, तरी वर्षानुवर्षे जपलेली कागदपत्रेही नाहीशी होतात. वस्तुतः अनेकदा डिस्कमध्ये कोणताच बिघाड नसतो; संगणक चुकीच्या पद्धतीने सुरू झालेला असतो, इतकेच.

दोन पद्धती

संगणकाचे बटण दाबताच कार्यप्रणालीच्या आधी मदरबोर्डवरील एक लहानसा प्रोग्राम कामाला लागतो. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात तो ‘बायॉस’ या नावाने होता. बायॉस डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतील ‘एमबीआर’ ही नोंद वाचतो. या नोंदीत चारच मुख्य विभाग मावतात आणि सामान्यतः २ टेराबाइटपलीकडील जागा तिच्या आवाक्याबाहेर राहते. पुढे इंटेलने नवी व्यवस्था विकसित केली. २००५ पासून ती ‘यूईएफआय’ या नावाने अनेक कंपन्यांच्या संयुक्त मंचाकडे आहे. तिच्या जोडीच्या ‘जीपीटी’ आखणीत सर्वसाधारणपणे १२८ विभागांची सोय असते.

घोटाळा कोठे होतो ?

संक्रमणकाळातील अनेक संगणकांत दोन्ही पद्धतींची सोय ठेवण्यात आली. त्यामुळे एकच पेनड्राइव्ह प्रारंभ-यादीत दोनदा दिसू शकतो : एकदा ‘यूईएफआय’ या शब्दासह आणि एकदा त्याविना. यांपैकी जी नोंद निवडली जाईल, त्याच पद्धतीने विंडोज बसू लागते. यूईएफआय पद्धतीत तिला जीपीटी डिस्क लागते, जुन्या पद्धतीत एमबीआर. जोडी जुळली नाही की काम थांबते. विंडोज एका पद्धतीने आणि लिनक्स दुसऱ्या पद्धतीने बसविल्यास दोन्ही बसतात खऱ्या; परंतु लिनक्सच्या प्रारंभ-यादीतून विंडोज सुरू होत नाही.

घ्यावयाची दक्षता

(१) प्रथम महत्त्वाच्या सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या साधनावर घ्यावी.

(२) चालू पद्धत पाहावी. विंडोजमध्ये ‘एमएसइन्फो३२’ ही आज्ञा दिल्यावर ‘बायॉस मोड’ या ओळीत ‘लेगसी’ किंवा ‘यूईएफआय’ असा उल्लेख आढळतो.

(३) जुनी कार्यप्रणाली ठेवावयाची असल्यास पेनड्राइव्ह त्याच पद्धतीने सुरू करावा.

(४) केवळ सेटिंग बदलल्याने संगणक सुरू होईनासा झाल्यास घाबरू नये. माहिती डिस्कवर शाबूत असते. सेटिंग पूर्ववत करून पाहावे.

(५) पद्धत बदलणे आवश्यकच असेल, तर २०१७ पासून विंडोज १० मध्ये उपलब्ध झालेल्या ‘एमबीआर२जीपीटी’ या साधनाने फाइली न पुसता डिस्कची आखणी बदलता येते. त्यानंतर संगणकाच्या सेटिंगमध्ये यूईएफआय निवडावे लागते.

२०२१ साली आलेल्या विंडोज ११ साठी यूईएफआय ही अधिकृत अट आहे, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुने संगणक नव्या कार्यप्रणालीकडे नेताना हा प्रश्न वारंवार उद्भवणार आहे. डिस्क पुसण्यापूर्वी प्रारंभ-पद्धत तपासण्यास दोन मिनिटे पुरतात. पुसलेली माहिती परत मिळेलच, याची मात्र शाश्वती नसते.